खोल पाण्यातल्या गरवणीसाठी कयाकची तयारी: कामाच्या नोंदी

कयाक (वल्ह्याने चालवायची अरुंद होडी) एक, जुनी, वर बसून चालवायची, पॉलिइथिलीनची. लांबी 3.9 मीटर, वजन 31 किलो. भोगव्याच्या किनाऱ्यावरून निघायचं, निवतीच्या बाजूला किनाऱ्यापासून चारेक किलोमीटरवर 15 ते 18 मीटर पाण्यात गरवायचं (गळाने मासे धरायचे) आणि दुपारचा खारा वारा उठायच्या आत परत यायचं. वर सुरमई नि कुपा, तळाला तांबोशी नि हेकरू. जोडीला दुसरी कयाक आहे, एकट्याने जायचं नाही. खालचे आकडे आणि खर्च एकाच कयाकचे आहेत. मालवणचं सागरी अभयारण्य (1987 पासून, सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीचा भाग) उत्तरेला राहतं, तिकडे गळ टाकायचा नाही.

6 ऑक्टोबर

कर्ली खाडीत एक तास वल्हवून आल्यावर मागची बूच उघडली आणि कयाक उभी केली. बादलीत 9 लिटर पाणी निघालं. खाडीच्या संथ पाण्यात एका तासात एवढं, म्हणजे समुद्रात चार तासांत काय होईल ते दिसतंच. आत सुटं असलेलं नऊ किलो पाणी कयाक जिकडे कलते तिकडे धावतं आणि कलणं आणखी वाढवतं. नऊ किलोचा दगड मध्यभागी बांधून नेला तर एवढा त्रास होत नाही.

गळती शोधण्यासाठी कयाकच्या पोकळ पोटाची झाकणं टेपने बंद केली आणि व्हॅक्युम क्लिनरची नळी हवा फेकणाऱ्या बाजूला जोडून बुचाच्या भोकात कापडाने घट्ट बसवली. बाहेरून भांडी घासायच्या साबणाचं पाणी ब्रशने लावलं. टायरचा कॉम्प्रेसर वापरू नये, दाब हाताबाहेर जातो आणि जोड फाटतात. काम सकाळी सावलीत केलं, कारण उन्हात आतली हवा आपोआप फुगते आणि खरा बुडबुडा कुठला ते कळत नाही.

बुडबुडे तीन जागी आले. पहिल्या मालकाने बसवलेल्या रॉड-होल्डरच्या (गळाची काठी अडकवायच्या नळीच्या) पाच रिव्हेटींभोवती, मागच्या झाकणाच्या एका कोपऱ्यात, आणि बसायच्या जागेखाली पाणी निथळायचं जे आरपार भोक असतं त्याच्या खालच्या काठाला. तिथे 4 सेंमीची चीर होती. कयाक वाळूवरून ओढत नेली की याच जागेवर घासते. पुढच्यांनी जुनी कयाक घेताना आधी इथे नख फिरवावं.

9 ऑक्टोबर

चिरेवर 6 तारखेलाच दोन भागांचा इपॉक्सी लावला होता. 140 रुपये आणि तीन दिवस गेले. आज नखाने कडा उचलली तर अख्खी पट्टी सुटून हातात आली. पॉलिइथिलीनला इपॉक्सी, फेव्हिक्विक, सिलिकॉन यांतलं काहीच धरत नाही. हे प्लास्टिक वितळवूनच जोडावं लागतं.

मग हॉट एअर गन घेतली, 1,650 रुपये, अरुंद तोंडाचं नोझल सोबत येतं. भरायला प्लास्टिक त्याच जातीचं हवं. ते कयाकमध्येच मिळालं: रॉड-होल्डरसाठी कापलेल्या गोल चकत्या आधीच्या मालकाने आतच पडू दिल्या होत्या. नवी भोकं पाडणाऱ्यांनी चकत्या फेकू नयेत.

चिरेच्या दोन्ही टोकांना 3 मिमीचं भोक पाडलं, नाहीतर चीर वेल्डच्या पुढे सरकत जाते. चीर सुरीने इंग्रजी व्हीसारखी खरवडली, आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसली. चकतीच्या 6 मिमी रुंद पट्ट्या कापल्या. गन फिरती ठेवून पट्टी आणि काठ दोन्ही एकदम तापवायचे. दोन्हीकडे ओली चमक आली की पट्टी बसवून स्टीलच्या चमच्याच्या पाठीने दाबायची. चमक एकाच बाजूला असेल तर वेल्ड वरून छान दिसतो आणि थंड झाल्यावर सुटतो. रंग तपकिरी झाला तर प्लास्टिक जळलं, ठिसूळ होतं, तो भाग काढून टाकावा. भिंत आत ढासळू नये म्हणून झाकणातून हात घालून ओला फडका कोंबून ठेवला.

आधी दोन चकत्या एकमेकींना जोडून सराव केला. पहिले तीन जोड वाकवताच तुटले, चौथा पूर्ण दुमडूनही टिकला, मगच कयाकला हात लावला. एकूण अडीच तास, त्यातला दीड तास सरावात.

13 ऑक्टोबर

रॉड-होल्डर. जुन्या रिव्हेटी ॲल्युमिनियमच्या, वॉशर स्टीलचे. खाऱ्या पाण्यात ही जोडी एकत्र आली की ॲल्युमिनियम झिजतं. रिव्हेटींभोवती पांढरी भुकटी साचली होती आणि भोकं मोठी झाली होती. सगळ्या ड्रिलने काढल्या.

जागी 5 मिमीचे स्टेनलेस बोल्ट, 16 नग, 38 रुपये दराने 608. बोल्टच्या डोक्यावर ‘ए4’ कोरलेलं पाहून घेतले. ए4 म्हणजे 316 जातीचं स्टील, ए2 म्हणजे 304, आणि 304 वर समुद्रात लवकर गंजाचे ठिपके येतात. दुकानात लोहचुंबक लावून दाखवतात त्याचा इथे उपयोग नाही, चुंबक दोन्हींना चिकटत नाही.

आतून आधार म्हणून भाजी चिरायच्या 220 रुपयांच्या प्लास्टिक बोर्डाचे तुकडे कापून लावले. बोल्टचा जोर तेवढ्या क्षेत्रावर पसरतो. हात पोचत नाही अशा चार जागी रबरी नट वापरले, बोल्ट आवळला की आतल्या बाजूला रबर फुगून बसतं. त्यांना 10 मिमीचं भोक लागतं, 11 केलं तर नट गरागरा फिरतो. आमचं एक तसं झालं. बोल्टखाली ब्युटाइल टेप दिली (रोल 350 रुपये). ती चिकटून नाही, दबून पाणी अडवते, त्यामुळे पॉलिइथिलीनवरही चालते. बोल्ट आज आवळायचे आणि दुसऱ्या दिवशी अर्धा आटा पुन्हा.

चूक इथेही झाली. पुढच्या होल्डरची जागा अंगणात नुसतं बसून ठरवली. नंतर जॅकेट घालून वल्हं हातात घेतलं तर दर फेरीला वल्ह्याचं पातं रॉडच्या मुठीवर आपटत होतं. होल्डर 17 सेंमी पुढे न्यावा लागला. जुनी चार भोकं आणि तो 11 मिमीचा प्रताप, सगळी चकतीच्या तुकड्यांनी वेल्ड केली. अर्धा दिवस गेला. भोक पाडण्याआधी पूर्ण सामानानिशी बसून पेन्सिलने खूण करावी.

पुन्हा खाडीत एक तास: दीड लिटर. आता गळती झाकणाचीच उरली असावी, ती किरकोळ आहे असं धरून पुढे गेलो. हे धरणं 16 नोव्हेंबरला महागात पडलं.

20 ऑक्टोबर

फिश-फाइंडर (ध्वनिलहरींनी तळ आणि मासे पडद्यावर दाखवणारं यंत्र). घरात पडलेली 12 व्होल्ट 7 अँपिअर-तासांची स्कूटरवाली लेड-ॲसिड बॅटरी वापरायचा विचार होता. वजन दोन किलोंच्या वर, आणि निम्म्याच्या खाली वारंवार उतरवली की लवकर मरते. लिथियम-आयर्न-फॉस्फेटची 6 अँपिअर-तासांची घेतली, पाऊण किलो, 2,900 रुपये. पडदा साठ टक्के उजेडावर ठेवून मल्टिमीटरने प्रवाह मोजला: 0.38 अँपिअर. म्हणजे पंधरा तासांच्या वर चालेल, आपल्याला सहा हवेत. धन तारेवर बॅटरीलगत 3 अँपिअरचा फ्यूज. फ्यूज पडद्याजवळ लावला तर मधली सगळी तार उघडीच राहते. बॅटरी घट्ट झाकणाच्या डब्यात, डब्याला तार जायपुरती केबल-ग्लँड (तारेभोवती आवळून पाणी अडवणारी चकती).

सेन्सरसाठी कयाकला बाहेरून भोक पाडायचं नाही हे ठरलेलं होतं. प्लास्टिकच्या एका थरातून ध्वनिलहरी नीट जातात, मात्र सेन्सर आणि तळ यांच्यात हवा अजिबात नको. फोमची चौकट ब्युटाइलने तळाला बसवली, आत पेट्रोलियम जेली भरली, तीत सेन्सर दाबला. सकाळी 7 वाजता आकडे स्वच्छ. साडेअकराला पडदा कोरा. ऑक्टोबरच्या उन्हात जेली पातळ होऊन चौकटीखालून ओघळली होती आणि सेन्सरखाली हवेचा कप्पा तयार झाला होता.

उपाय औषधाच्या दुकानात मिळाला: सोनोग्राफीचं जेल, 90 रुपये. उन्हात ते ओघळत नाही, पण हळूहळू वाळतं, म्हणून जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत भरून ती पिशवी सेन्सरखाली ठेवली आणि पिशवीखाली थोडं जेल चोळलं. दर फेरीआधी बदलायचं. अशा जोडणीत पडद्यावरचं तापमान पाण्याचं नसतं, कयाकच्या बुडाचं असतं. त्यावर विसंबून मासा शोधू नये.

27 ऑक्टोबर

नांगर. घडीचा चार पात्यांचा, दीड किलो, 1,100 रुपये. नुसता दोर बांधून खाडीच्या मुखाजवळ वाळूत टाकला तर ओहोटीच्या ओढीने फरफटत आला. साखळी नसेल तर दोर नांगराची दांडी वर उचलतो आणि पाती जमिनीत शिरतच नाहीत. 6 मिमीची दीड मीटर साखळी जोडली (सव्वा किलोच्या आसपास, 480 रुपये), पहिल्याच टाकण्यात धरला.

खडकाळ तळावर याच्या उलट अडचण येते, अडकला की सुटत नाही. म्हणून साखळी दांडीच्या वरच्या कडीला न बांधता नांगराच्या बुडाशी बांधली आणि तिथून दांडीलगत वर आणून वरच्या कडीला फक्त केबल-टायने धरली. नांगर अडकल्यावर जोराने ओढलं की टाय तुटतो, ओढ बुडाकडून बसते आणि पाती उलट दिशेने निघतात. टाय किती जाड हवा हे करून बघूनच कळलं. 2.5 मिमीचा खाडीतल्या साध्या हिसक्याने तुटला आणि नांगर नको तेव्हा सुटला. 4.8 मिमीचा कयाकवर बसून तुटेना, ओढताना काठ पाण्याखाली जायला लागला. 3.6 मिमीचा बरोबर ठरला. खिशात दहा सुटे ठेवायचे.

दोर 6 मिमीचा नायलॉन, 60 मीटर, 900 रुपये. खोलीच्या तिप्पट सोडायचा तर 16 मीटरला 48 लागतो. स्वस्त पिवळा पॉलिप्रॉपिलीन घेऊ नये, तो तरंगतो, आपल्याच वल्ह्यात आणि दुसऱ्याच्या बोटीच्या पंख्यात जातो. नायलॉन बुडतो आणि ताणतो, त्यामुळे लाटेचा हिसका मरतो.

नांगर बाजूने कधीच बांधायचा नाही. ओढीत आडवी झालेली कयाक क्षणात पालथी होते. बांधायचा तो नाळेला (पुढच्या टोकाला) किंवा मागच्या टोकाला. त्यासाठी दोन्ही टोकांच्या उचलायच्या मुठींना एकेक छोटी कप्पी आणि त्यांतून फिरणारी दोरी लावली, दोरीवर कडी. बसल्या जागेवरून कडी पुढे-मागे सरकवता येते. नवं भोक एकही नाही. नांगराच्या दोराला कॅराबिनर (झटकन उघडणारी कडी) आणि बोंडारा (तरंगती खूण): मोठा मासा लागला किंवा ट्रॉलर अंगावर आला तर दोर सोडून द्यायचा, बोंडाऱ्यावरून नंतर उचलायचा. सुरी जॅकेटवर, डब्यात नाही.

5 नोव्हेंबर

दिवाळीमुळे ब्रेडचं (गरवायच्या विणलेल्या दोरीचं) पार्सल पाच दिवस उशिरा आलं. फयान वादळ 2009 साली नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यातच आलं होतं, त्यामुळे पंधरा तारखेच्या आधी निघायचं नव्हतंच.

40 पौंडाचा ब्रेड, 4000 आकाराचं रीळ, 6 फुटी रॉड. सहाहून लांब रॉड बसल्या जागी वळवता येत नाही आणि मासा कयाकजवळ आणताना अडतो. ब्रेड रिळावर थेट गुंडाळला, ड्रॅग (ओढ वाढली की दोरी सोडणारा रिळाचा ब्रेक) आवळला, दोरी भिंतीच्या खुंटीला बांधून ओढली: दांडा स्थिर आणि आख्खी गुंडाळी रिळावर फिरतेय. बाहेरून ड्रॅग सुटल्यासारखंच वाटतं. सगळा ब्रेड उतरवला, आधी दहा मीटर मोनो (एकपदरी नायलॉन दोरी) घातला, त्यावर ब्रेड. चाळीस मिनिटं गेली.

ड्रॅग ताणकाट्याने मोजला. 40 पौंड म्हणजे 18 किलो, त्याचा पाव हिशोब साडेचार येतो. बसलेल्या माणसाला साडेचार किलोची आडवी ओढ जड जाते, म्हणून साडेतीनवर ठेवला. बोटांनी ओढून अंदाज घेतला होता तेव्हा काटा 6 दाखवत होता.

लीडर (दोरीच्या टोकाचा वेगळा तुकडा) 50 पौंड फ्लुरोकार्बन, ब्रेडला जोडायला एफजी गाठ, वीस वेढे. सुरमईसाठी पुढे 15 सेंमी तारेचा तुकडा. तार नसेल तर सुरमई जिगसकट (धातूच्या जड आमिषासकट) दोरी कातरून नेते, तारेने चावे थोडे कमी होतात. 60 ग्रॅमच्या जिगा चार, पाण्याखाली चालणारी आमिषं दोन. आमिषांचे तीन तोंडांचे गळ काढून एकेरी गरी लावली. मांडीवर उड्या मारणाऱ्या माशाच्या तोंडात तीन तोंडांचा गळ नको.

10 नोव्हेंबर

जॅकेट: 3,800 रुपये, पाठीचा फोम वरच्या अर्ध्या भागात असलेलं, खालपर्यंत असेल तर खुर्चीच्या पाठीने वर ढकललं जातं. शिट्टी जॅकेटला बांधलेली. नारिंगी झेंडा दीड मीटरच्या फायबर काठीवर, 250 रुपये. लाटांच्या खोलगटात कयाक ट्रॉलरवाल्याला दिसत नाही, झेंडाच दिसतो. पहाटेसाठी सर्व बाजूंनी दिसणारा पांढरा दिवा.

फोन दोन, वेगवेगळ्या कंपन्यांची सिमं, वेगवेगळ्या पाऊचमध्ये. पाऊच आधी आत टिशू घालून रात्रभर बादलीत दाबून ठेवला, एकाचा टिशू ओला निघाला. तटरक्षक दलाचा 1554 दोन्हींत. मरीन व्हीएचएफ रेडिओला परवाना लागतो. परदेशातून कुणी सॅटेलाइट मेसेंजर आणून देत असेल तर नको म्हणावं, भारतात परवानगीशिवाय बाळगणं गुन्हा आहे. जायची-यायची वेळ आणि जागा किनाऱ्यावरच्या एका तांडेलाला (मच्छीमार बोटीच्या प्रमुखाला) लेखी.

16 नोव्हेंबर

उलटवण्याची चाचणी. प्रतिपदा. तिथीच्या आकड्याला पाऊणने गुणलं की भरतीची वेळ येते, म्हणजे आज भरती पाऊण वाजता. भरती-ओहोटीच्या मधे पाणी थांबलं तेव्हा छातीभर पाण्यात, पूर्ण सामान लादून कयाक मुद्दाम पालथी केली. पाच मिनिटं तशीच ठेवली.

सुटलं ते: पक्कड (बुडाली), जिगांचा डबा (तरंगत गेला), पाण्याची बाटली. झेंड्याची काठी वाळूत रुतून वाकली. एका रॉडची बांधदोरी दीड मीटर होती, ती पायाला गुंडाळली. ही सगळ्यात वाईट गोष्ट. दोरी 60 सेंमीची केली. आणि पोटातून 6 लिटर पाणी निघालं, सगळं मागच्या झाकणातून.

झाकणाची रबरी कड कडक झालेली होती. दारांना लावतात ती फोमची पट्टी त्याच संध्याकाळी लावली, पुन्हा बुडवली, तर 5 लिटर. ही पट्टी स्पंजसारखी पाणी पिते. तुकडा बादलीत पिळून बघितला असता तर आधीच कळलं असतं. मग पाणी न शोषणारी, 10 मिमी रुंद रबरी फोमची पट्टी लावली. जोड वरच्या कडेला न ठेवता बाजूला ठेवला आणि टोकं तिरपी कापली.

तरीही झाकण कधीतरी निसटेल म्हणून पोटात तरंगतं काहीतरी हवं. दोन लिटरच्या चोवीस रिकाम्या सोड्याच्या बाटल्या, बुचं घट्ट, कांद्याच्या जाळीच्या पिशव्यांत भरून नाळेत आणि मागे कोंबल्या. 48 लिटर जागा पाण्याला मिळणार नाही. सुट्या टाकल्या होत्या तेव्हा इतक्या खडखडत होत्या की मासे देवगडला गेले असते.

परत चढताना पोट आडवं टाकून, मग पाठीवर वळून, मग बसायचं. पुढचा रॉड-होल्डर जॅकेटच्या बकलात अडकला. होल्डर आता चढण्यापूर्वी काढून टाकता येईल अशा खिटीवर आहे.

21 नोव्हेंबर

वजनाचा हिशोब. कयाकवर लिहिलेली क्षमता 180 किलो, आम्ही 70 टक्के धरतो, म्हणजे 126. माणूस 74, नांगर-साखळी-दोर साडेचार, बॅटरी-पडदा दोन, रॉड-रीळ-आमिषं चार, पाणी चार लिटर, खाणं एक, बर्फाची पेटी आठ, जॅकेट-वल्हं-बाकीचं तीन. 100.5 झाले. आकडा बसतो, पण पेटी मागे ठेवल्यावर मागची निथळ-भोकं पाण्याखाली गेली आणि बसायच्या जागेत दोन बोटं पाणी उभं राहिलं. नांगर नि दोर पुढे हलवल्यावर पाणी उतरलं.

बर्फ: कारखान्यातून लादी फोडून पाच किलो, थर्मोकोलच्या पेटीला बाहेरून ताडपत्री. वर थोडं समुद्राचं पाणी ओतलं की बर्फ माशाला सगळीकडून भिडतो. नुसत्या बर्फावर ठेवलेली सुरमई एका बाजूने कोमट राहते.

खाडीच्या मुखाबाहेर तीन तास फिरून आल्यावर बूच उघडली: पाऊण वाटी, मोजून 120 मिली.

22 नोव्हेंबर, संध्याकाळ

उद्या वद्य अष्टमी. आठ पाऊणे सहा, भरती सकाळी सहाला, ओहोटी बाराला, आणि भांगाचे दिवस असल्याने पाण्याची ओढ कमी. इन्कॉइसच्या (समुद्राचा अंदाज देणाऱ्या सरकारी संस्थेच्या) अंदाजात लाट अर्धा ते पाऊण मीटर. सव्वासहाला निघायचं. मतलई वारा तेव्हा पाठीशी असतो, जाताना फुकट नेतो, पण सात-आठच्या दरम्यान परतायची वेळ आली तर तोच तोंडावर येतो. त्यामुळे पहिल्या तासात दोन किलोमीटरच्या पुढे जायचं नाही. नऊनंतर वारा पडतो. साडेदहाला परत फिरायचं, मासा लागो न लागो. किनाऱ्यावर येताना लाट फुटण्याच्या जागेआधी दोन्ही रॉड आडवे, आमिषं काढून डब्यात. रॉड मोडतात ते समुद्रात नाही, शेवटच्या वीस मीटरात.

आतापर्यंतचा खर्च साडेचौदा हजारांच्या आसपास, रॉड, रीळ आणि फिश-फाइंडर सोडून. वेळ सात रविवार आणि काही संध्याकाळी. राहिलेलं काम: पुढच्या झाकणाचं इलास्टिक एका कडीपाशी विरलंय. उद्यापुरतं दोरीने बांधलंय, आल्यावर बदलायचं.